पाणी नसलेला रेडिएटर

हे मी कुणाला पटवायला लिहीत नाहीये. ज्याला पटणार नाही त्याने मॉन्ट्रियलला, वर्दांमधल्या माझ्या घरी यावं आणि स्वतः हात लावून बघावं.

मी फेर्नां. बिडाचे जुने रेडिएटर दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. तळघरात बॉयलर, त्यातलं गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि घर ऊबदार राहतं. यात भुताखेताचं काही नाही. लोखंड आणि पाणी. मी एवढंच मानत आलो.

जानेवारी १९९८ पर्यंत.

त्याच्या आधीच्या शरदात आईच्या खोलीतल्या रेडिएटरला भेग पडली. माझी धाकटी बहीण हुगेत तर टपूनच होती.

"हिवाळ्याआधी ही खोली गरम झाली नाही ना, तर आईला मी वृद्धाश्रमात नेणार. मग माझ्याशी भांडायला येऊ नकोस."

आई शेजारीच वाटाणे निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी या घरातून निघेन ती आडवी. उभी असताना मला न्यायला आलात तर लाटणं आहे माझ्याकडे."

आल्देया तिचं नाव. नाकावर राग, आणि अंगात मात्र थंडी. खोली गरम नसली की तिची बोटं निळी पडायची. हुगेतचंही चूक नव्हतं, हे मला कळत होतं.

म्हणून मी तो रेडिएटर आणला.

कालव्याजवळ खलाशांची एक जुनी खाणावळ पाडत होते, तिथला. अंगभर वेलबुट्टी, वर सात थर रंग. असा माल हल्ली मिळत नाही. भंगारवाल्याने जरा जास्तच घाईने माझ्या गाडीत चढवला, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

मागच्या शेडमध्ये मी त्याचे उभे भाग एकेक करून सोडवले. सांध्यांवर रॉकेल ओतायचं, रात्रभर मुरू द्यायचं, मग पाना लावायचा. जुन्या रेडिएटरच्या पोटात नेहमी काळा गाळ असतो. बादली भरून निघतो.

याच्यात काहीच नव्हतं.

कोरडा. धुऊन पुसल्यासारखा.

म्हटलं, बरं झालं, काम वाचलं.

मग पहिला बर्फ पडला. सकाळी शेड उघडली. दाराच्या फटीतून आत भुरभुर आली होती, सगळ्या फरशीवर पांढरा थर... फक्त रेडिएटरभोवती फरशी ओली होती. तिथला बर्फ वितळला होता.

शेडमध्ये शेगडी नाही. रेडिएटरला नळी नाही. आत पाणी नाही.

मी हात लावला... कोमट.

"फेर्नां, तू म्हातारा झालास," मी स्वतःलाच म्हणालो आणि कामाला लागलो. भाग परत जोडले, पाण्याचा दाब देऊन तपासला, एक थेंब गळला नाही. आईने रंग हिरवा मागितला. "चंदेरी नको. शवपेटीच्या कड्यांसारखा दिसतो."

नाताळच्या आधी तो तिच्या पलंगाशी बसला. खोली तापली. हुगेतने वृद्धाश्रमाचा विषय सोडला.

आणि मग जानेवारीत बर्फाचा पाऊस आला.

ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. पडेल तो थेंब गोठत होता. फांद्या, तारा, खांब, सगळं कोसळलं. वीज गेली ती गेलीच. विजेशिवाय बॉयलरची ज्योत पेटत नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आमच्या तोंडातून वाफ निघायला लागली.

अशा वेळी आमच्या धंद्यातला माणूस एकच गोष्ट करतो. नळ्यांतलं सगळं पाणी सोडून देतो. नाहीतर ते गोठतं, फुगतं, आणि बीड तडकतं. मी तळघरातला नळ उघडला. शेवटची गुळगुळ संपेपर्यंत थांबलो. आईच्या रेडिएटरवर तर माझा जास्तच जीव होता, म्हणून त्याची नळी सोडवून बाजूला केली. खालून चमचाभर गंजाचं पाणी आलं. बस.

हे मी माझ्या हाताने केलं. ध्यानात ठेवा.

दुपारी हुगेत आली. सोबत दोन सैनिक. ते दारोदार फिरून म्हाताऱ्या माणसांना शाळेतल्या निवाऱ्यात नेत होते.

आईच्या खोलीचं दार बंद होतं. हुगेत बाहेरूनच ओरडली, "आई, ऊठ. कोट घाल."

"नाही."

"रात्रीत मरशील इथे!"

"मग तुझाच त्रास वाचेल."

हुगेत रडायला लागली. "फेर्नां, तू तरी सांग ना तिला!"

मी काय सांगणार? हुगेत खरं बोलत होती. माझे स्वतःचे दात वाजत होते. मी आईच्या खोलीत गेलो, तिला उचलूनच न्यायचं असं ठरवून.

दार उघडलं.

ऊब अंगावर आली...

आई पातळ गाऊनमध्ये पलंगावर बसली होती. पायात मोजे नाहीत. बोटं गुलाबी.

आणि आवाज येत होता. लोखंडातून पाणी फिरतं तेव्हा येतो तो. हळू... सावकाश... गुळ... गुळ...

नळी तर माझ्या पायाशी, जमिनीवर पडली होती.

धाकटा सैनिक पुढे झाला. त्याने रेडिएटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग खाली वाकून नळीच्या उघड्या भोकाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मादाम... हे कशावर चालतंय?"

"तुला काय करायचंय पोरा? तू मला थंडीतून वाचवायला आलास ना? मग बघ, आहे का मला थंडी?"

तो क्रूसाची खूण करून मागे सरला. दोघेही परत गेले. हुगेत मात्र राहिली. वीज येईपर्यंत आम्ही तिघं त्याच खोलीत झोपलो. कुणी रेडिएटरकडे पाठ केली नाही.

वीज आली. मी नळी जोडली, पाणी भरलं. घरातले सगळे रेडिएटर तापले.

तो मात्र गार पडला. तेव्हापासून आजवर गार. पाणी आत जातं, फिरतं, परत येतं, तरी गार. मी तीनदा उघडून बघितला, दोष नाही. आईने शेजारी विजेची शेगडी ठेवली आणि रेडिएटरवर आपली जुनी शाल टाकली. "दमलाय तो. छेडू नकोस." पुढे आठ वर्षांनी ती गेली. त्याच खोलीत, म्हणाली होती तशी.

आता मी शहात्तरचा आहे. एकटा. आता वृद्धाश्रमाचे कागद हुगेत माझ्यासाठी आणते. मी चुलीत घालतो.

हे आज का लिहितोय?

काल दुपारी त्या खोलीत गेलो. वीज आहे. बॉयलर उत्तम चालू आहे. बाहेर थंडीही फारशी नाही. माझी तब्येत ठीक आहे, निदान मला तरी तसं वाटतं.

आतून आवाज आला... गुळ... गुळ...

हात लावला. चांगला गरम.

मी घाबरलोय. लपवत नाही. मागच्या वेळी तो कशासाठी तापला ते मला माहीत आहे, या वेळी कशासाठी ते माहीत नाही.

हुगेतला सांगितलेलं नाही. कळलं तर आज संध्याकाळीच गाडी घेऊन येईल. येऊ दे. मी पलंग ओढून त्याच्या शेजारी लावला आहे, आणि इथून हलणार नाही.