आठ हाडं आणि एक बिजागरी

वीस किलोचं पोतं उचलणारा, सुईत दोरा ओवणारा हात जवारी का काढू शकत नाही?

हे कोडं २०५३ साली मिरजेतल्या अकरा वर्षांच्या सायमाला पडलं होतं. हात तिच्या दादाजींचा. खरा उजवा हात लाकूड कापायच्या यंत्रात गेला, त्या जागी हा कृत्रिम हात बसवला होता. जवारी काढायची म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा कानशीने असा घासायचा, की तार त्याला जेमतेम शिवून गुंजत राहील. दादाजींनी पन्नास वर्षं हेच केलं. नव्या हाताने घासलेल्या घोडीवर मात्र तार पत्र्याच्या डब्यासारखी वाजली. दादाजींनी कानशी फडक्यात बांधल्या. शुक्रवारी वस्तुसंग्रहालयाची गाडी त्या न्यायला येणार होती.

सोमवारी हात बनवणाऱ्या डॉक्टर नवाथे आल्या.

"हात नापास होणं शक्यच नाही," त्या म्हणाल्या. "एकशे चाळीस चाचण्या झाल्यात त्याच्या."

"त्यांत जवारी होती का, बाई?" दादाजींनी विचारलं.

डॉक्टरांनी दादाजींचं मनगट हातात घेऊन वळवून पाहिलं.

सायमाने स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने धरून हळूहळू फिरवलं. "माझ्या आत काहीतरी थोडं थोडं सरकतंय. दादाजींचं नुसतं दारासारखं उघडतं नि मिटतं."

"कारण तिथं एकच बिजागरी आहे. खऱ्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, दोन ओळींत. त्यांची तोंडं जवळजवळ सपाट, एकमेकांवरून जराशीच सरकणारी. आमच्या समितीने अहवाल दिला, की हे आठ सदस्य फारसं काम करत नाहीत. आठांनाही एकदम घरी बसवलं." डॉक्टर थांबल्या. "अहवालावर सही माझी आहे."

"अशा सांध्याला नाव असेल ना काही?" सायमाने विचारलं.

"आर्थ्रोडिया (सरकता सांधा). ग्रीक भाषेत 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा. खुब्यात हाडाचा गोळा खोल वाटीत बसतो. जिथं वाटी उथळ असते, त्या सांध्याला जुन्या ग्रीक वैद्यांनी हे नाव दिलं. पुढे ते सपाट, सरकत्या सांध्यांना चिकटलं."

गुरुवारी सकाळी डॉक्टर आठ तुकड्यांचं नवं मनगट घेऊन आल्या. दादाजींनी कानस धरली. दुसऱ्यांदा घासतानाच हात अडखळला, तिसऱ्यांदा अडकून बसला.

"असं कसं? तोंडं मी अगदी आरशासारखी सपाट केलीत!"

दोन महिन्यांत दादाजी पहिल्यांदा हसले. "सायमा, सांग बाईंना. नवा शिकाऊ पहिली चूक कोणती करतो?"

"घोडी सपाट करतो," सायमा म्हणाली. "आणि वर खूश होतो. सपाट घोडीवर तार चिकटून मरते. किंचित बाक ठेवायचा असतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो."

डॉक्टरांनी मनगट उघडून एक तुकडा उजेडात धरला.

"हाडांचंही तसंच असतं," त्या सावकाश म्हणाल्या. "जवळजवळ सपाट, पण पूर्ण नाही. त्यावर कूर्चेचं (हाडापेक्षा मऊ, गुळगुळीत थराचं) अस्तर, मध्ये वंगणासारखा द्रव. एकेक हाड थोडंच सरकतं, पण सगळ्यांची बेरीज होते. ते 'थोडं'च मी खोडून टाकलं होतं. पण आता इतका बारीक बाक काढणार कोण?"

दादाजींनी डाव्या हाताने फडक्याची गाठ सोडली आणि सगळ्यांत बारीक कानस सायमापुढे धरली.

"मी? बिघडलं तर?"

"बिघडलं तर उद्या गाडी आहेच, बेटा."

दिवसभर सायमा घासत राहिली. दादाजी डोळे मिटून प्रत्येक तुकड्यावरून बोट फिरवत आणि म्हणत, "अजून." आठवा तुकडाही जमला तेव्हा म्हणाले, "बस." रात्री डॉक्टरांनी आठही तुकडे पुन्हा मनगटात बसवले.

शुक्रवारी दारात गाडी थांबली. आत दादाजींनी घोडीवर कानस फिरवली. मनगट वळलं, कललं, पाण्यासारखं सरकलं. त्यांनी तार छेडली. ती गुंजली, आणि गुंजतच राहिली. ड्रायव्हर उंबऱ्यावरच चप्पल हातात धरून उभा राहिला.

"सामान तयार आहे ना?" तार विझल्यावर त्याने विचारलं.

दादाजींनी फडक्यात एकच वस्तू बांधून त्याच्या हाती दिली. जुनी बिजागरी.

"आणि संग्रहालयात याच्या पाटीवर काय लिहायचं?" ड्रायव्हरने विचारलं.

"माझी सही केलेला अहवाल पाठवते," डॉक्टर म्हणाल्या. "तोच लावा. नवा मला सायमाबरोबर बसून लिहायचाय."