आप्पांची सीट

मालक खोटं बोलतो, गाडी बोलत नाही, असं दस्तगीर मुल्ला नेहमी म्हणत. मिरजेतल्या त्यांच्या गॅरेजात रुसलेली गाडी आली, की ते आधी मालकाला खाली उतरवत आणि मग गाडीला विचारत. आज मात्र दारातली पांढरी विजेरी गाडी पाहून, ती कुणीतरी परत घेऊन जावी असं त्यांना वाटलं.

गाडी बाळगोंडा मगदूमांची. आठ महिन्यांपूर्वी ते याच गाडीत, स्टिअरिंगवर हात असताना गेले. गाडी कडेला लिंबाच्या झाडाला टेकून उभी सापडली होती.

"शेजारच्यांनी आणून सोडली, चाचा," मगदूमांची मुलगी पद्मजा म्हणाली. ती कॉलेजात उपकरणशास्त्र शिकवत असे. "त्यांच्या हाताला मुकाट चालते. माझ्या हाताला सुरूच होत नाही. आणि हसू नका... मी बसले की सीट आपोआप मागं जाते. आप्पांच्या मापाला."

दस्तगीर हसले नाहीत. त्यांनी लहान बॅटरी मोजली, फ्यूज पाहिले, ब्रेकचा स्विच दाबून पाहिला. सगळं ठणठणीत. स्वतः बसले तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मग त्यांनी पद्मजाला बसवलं. तिनं स्टिअरिंग धरलं, तशी सीट सरसर मागं गेली, आरसा वर वळला आणि तिचे पाय ब्रेकच्या पेडलपासून वीतभर लांब राहिले. गाडी मात्र गप्प.

"गाडी माणूस कशावरून ओळखते, ठाऊक आहे ना तुला?" त्यांनी विचारलं.

"हृदयमुद्रेवरून. दोन्ही तळव्यांतून हृदयाच्या ठोक्यातली वीज वाचते. अंगठ्याच्या ठशासारखंच. दोघांचं सारखं नसतं."

"आणि हृदयकुलूप?"

"चालकाला मागं कधी भोवळ आली असेल, तर त्याआधीचा ठोका गाडी लक्षात ठेवते. तसा ठोका परत दिसला की सुरू होत नाही."

दस्तगीरांनी तपासणीयंत्र जोडलं. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. वरची आप्पांची, शेवटच्या आठवड्यातली. खालची पद्मजाची, आत्ताची. दोन्हींत दर चौथा ठोका लंगडत होता.

"ही खोड गाडीनं जन्मात एकाच माणसात पाहिलीय," ते हळू म्हणाले. "म्हणून तुझ्यात दिसली की ती त्याचंच नाव काढते. पोरी, हे रक्तातून आलंय. आधी डॉक्टरला दाखव."

पद्मजा डोळे पुसत हसली. "म्हणजे आप्पा अजून आहेत गाडीत. चाचा, तुम्ही कुलपाला चुकवणारी आडतार जोडून देता म्हणे. टाका की. कुलूप सुटेल आणि सीट तशीच राहील. पाठीला उशी लावीन, पण उद्या पुण्याला आप्पांबरोबर जाईन."

"आणि कुलूप खरं सांगत असलं तर?"

"खरं कसलं? आप्पांना आधी एकदा याच गाडीत भोवळ आली होती. खरं असतं, तर त्या दिवशी त्यानं त्यांना अडवलं नसतं का? गाडी सुरूच झाली नसती. हे कुलूपच बिघडलेलं आहे."

हिशेब बिनचूक होता. त्यातली एकच गोष्ट तिला माहीत नव्हती. दस्तगीरांनी नाही म्हटलं असतं, तर पुढच्या चौकात आडतार टाकणारे चारजण बसले होते. दस्तगीर उठले. ते आत गेले आणि स्क्रूच्या डब्याच्या तळातून वीतभर लाल तार घेऊन आले.

"अडवलं होतं," ते म्हणाले. "आदल्या दिवसापासून अकरा वेळा. आप्पा माझ्याकडे आले. म्हणाले, 'दस्तगीर, साखरपुड्याला जायचंय, हे मशीन मला म्हातारा ठरवतंय.' आम्ही दोघं हसलो. मी ही तार टाकली. आणि ते गेल्यावर पोलिसांच्या आधी जाऊन मीच काढली. कुलूप बिघडलं नव्हतं, पोरी. बिघडलो मी होतो."

पद्मजानं स्टिअरिंगवरचे हात उचलले आणि पलीकडच्या सीटवर सरकली. दस्तगीरांनी गाडी थेट हृदयरोगाच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तिला दाखल करून घेतलं. आणखी दोन दिवसांचा भरवसा नव्हता, असं ते म्हणाले. तिच्या छातीत तालयंत्र बसवलं. आता तिच्या हृदयाला ठोका ते यंत्र देणार होतं.

दीड महिन्यानं ती गाडी न्यायला आली. दस्तगीरांनी आडतार टाकणं सोडलं होतं, आणि रोज कुणी ना कुणी गिऱ्हाईक त्यांना त्यासाठी शिव्या घालून जात असे. ती त्यांच्याशी बोलली नाही. त्यांनी अपेक्षाही केली नव्हती. ते दाराशी उभे राहिले.

पद्मजा बसली. उशी तिनं सोबत आणली होती, ती पाठीशी लावली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

गाडी लगेच सुरू झाली.

सीट मागं गेली नाही. आरसाही हलला नाही. तिनं हात उचलले, पुन्हा ठेवले. काहीच झालं नाही.

"चाचा," तिनं हाक मारली. तिचा आवाज फुटला होता. "आप्पा येईनात."

दस्तगीर जवळ आले आणि खिडकीतून आत वाकले. गाडीच्या पडद्यावर अक्षरं आली होती: नवीन चालक. कृपया नाव सांगा.