हेझलच्या शेपटीची लाल फीत

लीटा आणि वेंडलची ओळख झाली ती अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरातल्या एका ओढ्यावर, आणि तीही नाइलाजानं. शेवटच्या घोड्यानं पाण्यातून तोंड काढेपर्यंत कुणी पुढे जायचं नाही, हा घोड्यांच्या रानवाटेच्या स्पर्धेचा नियम. एकटं मागे राहिलेलं जनावर बिथरतं. वेंडलचा म्हातारा घोडा तर सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा निवांत पीत होता.

"बराच तहानलेला दिसतो," लीटा म्हणाली.

"तहान कसली... सोबत आवडते त्याला. मालकावर गेलाय."

मग त्याला तिच्या घोडीच्या शेपटीची लाल फीत दिसली. म्हणजे घोडी लाथ मारते, लांब राहा. त्यानं मुकाट्यानं घोडा मागे घेतला.

खरं तर हेझलनं जन्मात कुणाला लाथ मारली नव्हती. नवरा गेल्यावर स्पर्धेच्या तळावर जो तो लीटाचा हात धरून उसासे टाकायला येई. एके सकाळी तिनं फीत बांधली, आणि माणसं घोडीबरोबर तिलाही वळसा घालू लागली. सौदा स्वस्तात पडला, असं तिला वाटलं होतं.

दोन मोसम वेंडल मागेच राहिला, एका घोड्याचं अंतर राखून. बोलणं चाले ते मान वळवून. तुमची टोपी मागून मला तोंडपाठ झालीय, असं तो एकदा म्हणाला. मग पुढून बघायचा मोह आवरा, असं तिनं सुनावलं... आणि नंतर कोसभर गालातल्या गालात हसली.

ऑक्टोबरातल्या एका धुकट सकाळी पानगळीखाली गाडलेल्या जुन्या काटेरी तारेत हेझलचा मागचा पाय अडकला. घोडी थरथरत उभी राहिली, कान मागे सपाट. एक हिसका, की पाय जन्माचा गेला. लीटा खाली उतरून तिच्या तोंडाशी उभी राहिली. वेंडलनं पक्कड काढली. तार कापायची तर टापेशीच बसायला हवं होतं.

लीटापुढे पेच पडला. सांगावं तर खोटं उघडं पडतं. न सांगावं तर तो भीत भीत हात लावणार, आणि माणसाची भीती घोड्याला आधी कळते.

"वेंडल... ती लाथ मारत नाही. कधीच नाही मारली."

"ठाऊक आहे." त्याचा तळहात घोडीच्या खांद्यावरून, पाठीवरून, न उचलता खाली सरकत होता. "पण आज दुखतंय तिला. आज मारेलही. तुम्ही बोलत राहा तिच्याशी."

ती बोलत राहिली. काय, ते तिला नंतर आठवलं नाही. तार तुटली. हेझलनं लांब श्वास सोडला, तिचे कान सैलावले. जखम वरवरचीच होती. वेंडलनं घोडीच्या पायाला आपला गळ्यातला रुमाल बांधला.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या ओढ्यापासून. लाथाळ घोडी अनोळखी घोळक्यात अशी ओठ लोंबवून पेंगत नाही."

"मग इतके दिवस लांब का राहिलात?"

"फीत घोडीनं थोडीच बांधली होती," तो म्हणाला. "तुम्ही बांधली होती."

लीटाची स्पर्धा तिथंच संपली. त्याची नव्हती संपली. पण तुमचे गुण जातील, असं तिनं बजावूनही तो घोड्यावर चढला नाही. ती शेपटीपाशी गेली. फितीची गाठ पावसापाण्यानं घट्ट बसली होती. नखांनी, मग दातांनी सोडवावी लागली.

वाट अरुंद होती. सवयीनं वेंडल मागे थांबला. लीटाही थांबली.

"ये ना," ती म्हणाली. "शेजारी मावशील."

दोघं शेजारी मावावीत अशी ती वाट नव्हतीच. खांद्याला खांदा लागणारच होता... लागला. मागे दोन्ही घोडे, लगाम सैल, हळूहळू येत राहिले.