कुणाचा विरोध?

दोन दिवस फ्योन वाहत होता. डोंगरावरून उतरणारा तो गरम वारा सुटला, की ऱ्हाइनकाठच्या या चिमुकल्या संस्थानात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नसतं. मंत्री गेर्डा नुटचं तर आज मुळीच नव्हतं. मंत्रिमंडळापुढे ओबरगुफर वाडी रिकामी करण्याचा विषय होता. वाडीवरच्या कड्याला भेग पडली होती आणि त्याच कड्याखाली तिचा थोरला भाऊ आलोइस राहत होता. सकाळीच तो म्हणाला होता, "सामान बांधलंय. पण सरकारचं मी ऐकणार नाही. तू सांग, लगेच उतरतो."

पंतप्रधान एगोन मोठ्या पक्षाचे, गेर्डा धाकट्या पक्षाची. युतीचा संसार दोघांचा, किल्ल्या मात्र एकाच्याच कमरेला. इथे मतं मोजायची पद्धत नव्हती. एगोन विचारायचे, "कुणाचा विरोध?" सगळे गप्प, की ठराव मंजूर. इतकी वर्षं गेर्डाही गप्पच राहिली होती. युती टिकायला हवी ना!

"बर्फाचा हंगाम तोंडावर आलाय," एगोन म्हणाले. "बर्फात खेळायला येणाऱ्या पाहुण्यांना कशाला घाबरवा? वाडी वसंतापर्यंत राहू दे. कुणाचा विरोध?"

आज बोलायचंच, असं ठरवून ती आली होती. तिने तोंड उघडलं.

"माझा विरोध नाही."

आवाज तिचाच होता. आला मात्र दाराकडून. तिचा शब्द अजून घशातच होता.

"वा गं!" शेजारी बसलेला नोर्बर्ट हसला. "एकदाचं तोंड उघडलंस, तेही मान डोलवायला!"

"मी बोललेच नाही. माझा विरोध आहे!"

नोर्बर्ट कागद आवरत राहिला. ती ओरडली. एगोन उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

"काय हा वारा," ते म्हणाले.

गेर्डा बाहेर धावली. तिने भावाला फोन लावला.

"आलोइस, आत्ताच्या आत्ता खाली उतर!"

"हॅलो? कोण आहे?"

"मी, गेर्डा! ऐकतोयस ना?"

"कुणी बोलतच नाही," तो खोलीतल्या कुणाला तरी म्हणाला. "गेर्डा, नंबर तर तुझाच दिसतोय."

पलीकडे कपात चमचा फिरला.

"ठेव रे तो फोन," तिचाच आवाज म्हणाला. "आणि ते सामान सोड बघू आधी."