वाळलं की निघू

सांगते, पण मध्ये बोलू नका. माझे बाबा पेंटर होते, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी कॉम्प्युटरवर अक्षरं बनवते, म्हणजे फॉन्ट. बाबा गेले, त्यांच्या पाट्याही एकेक करून उतरायला लागल्या, तेव्हा मी हट्टालाच पेटले. बाबांचं वळण फॉन्टमध्ये उतरवायचं, तेही पुरतं, एकही अक्षर उसनं न घेता. फोटो काढत शहरभर हिंडले. सगळी अक्षरं मिळाली, फक्त ढ मिळेना. शाळेत मला ढ म्हणायचे, आता घोडं अडलं तेही ढपाशीच.

आई म्हणाली, "सलूनवाल्या काकांना विचार. त्यांची दाढी-कटिंगची पाटी बाबांनीच केली होती."

सलून केव्हाच बंद पडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ती इमारत पाडायची होती. किल्ली देताना काका म्हणाले, "त्यातला ढ राहिलाय पोरी. खडूनं काढला, पण रंग भरायच्या आधीच तुझे बाबा आजारी पडले."

खडू तर खडू. भर दुपारी शटर वर केलं. आत जुन्या साबणाचा कुबट वास, आरशांवर धूळ. पाटी आतल्या भिंतीवरच रंगवलेली होती. ढची खडूची रेघ अजून स्पष्ट होती. मी तिच्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि पेन्सिल टेकवली. तेवढ्यात बाबा रंगात मिसळायचे त्या टर्पेंटाइनचा वास आला... आणि पाठीमागे टक्... टक्. हात हलू नये म्हणून बाबा मनगटाखाली काठी टेकवायचे. ती सरकवताना असाच आवाज व्हायचा.

खोटं कशाला बोलू, पळावंसंच वाटलं. पण उद्या ही पाटी ढिगाऱ्यात जाणार होती. मागे न बघता हळूच म्हटलं, "बाबा, एवढं करू द्या..." आणि रेघ पुरी केली.

काकांना दाखवायला कागद उलगडला, तर पेन्सिलीच्या रेघेच्या आत लाल रंग भरलेला. ओला. काकांनी तो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "हा त्यांचाच हात गं..."

ढ फॉन्टमध्ये गेला. कागद माझ्या टेबलावर आहे. लहानपणी बाबा मला कामावर न्यायचे. मी कंटाळले की म्हणायचे, "वाळलं की निघू." मग पाटीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबून बघायचे आणि रंग वाळला असला की माझा डावा हात धरून घरी न्यायचे.

त्या ढच्या खालच्या कोपऱ्यात रोज सकाळी अंगठ्याचा एक नवा ठसा दिसतो. सात महिने रंग ओलाच होता. आज बोट लावून पाहिलं, तर बोटाला काही लागलं नाही.

आकड्यांतला नऊ तेवढा राहिलाय. तो झाल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही, बाबांबरोबरसुद्धा नाही. म्हणून मघापासून डावा हात खिशात ठेवून काम करतेय. सकाळी तो दोनदा साबणानं धुतला, तरी त्याला टर्पेंटाइनचा वास येतोय.