पाठमोरी

"ही उडी कम्प्युटरवर केलीय, शंभर टक्के," शेजारच्या खुर्चीतला मुलगा मोबाईलमध्ये पुटपुटला.

माझा पॉपकॉर्नचा हात तोंडापाशीच थांबला. पडद्यावर 'खाडीचा वाघ' ऐन रंगात आला होता. खाडीत मातीचा भराव टाकणारे गुंड नायिकेच्या मागे लागलेत, ती उत्तनच्या जेट्टीवरून धावत सुटलीय, आणि जेट्टी संपते तिथून ती थेट चालत्या होडीवर झेप घेते... कॅमेरा मागून. दिसते ती फक्त पाठ, लांब वेणी आणि हवेत पसरलेले दोन हात. मिरा रोडचं ते अर्धं भरलेलं थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. आणि हा शहाणा म्हणे, कम्प्युटर!

"ओ," मी त्याच्याकडे झुकून म्हटलं, "कम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही. खरी उडी आहे ती."

"तुम्हाला काय माहीत?" त्याने मान न वळवताच विचारलं.

"कारण ती पाठ माझी आहे."

आता मात्र मान वळली. चष्म्याच्या काचांवर पडद्यावरची खाडी हलत होती, त्यामुळे डोळे काही दिसले नाहीत. आणि त्याने जगातला सगळ्यात बावळट प्रश्न विचारला.

"जरा... पाठमोऱ्या बसता का? म्हणजे खात्री करून घेतो."

मला खरं तर राग यायला हवा होता. आलं ते हसू. पुढच्या रांगेतल्या काकूंनी "श्शूऽऽ" केलं तेव्हा आम्ही दोघंही शाळेतल्या पोरांसारखे खाली वाकलो.

इंटरव्हलला तो दोन समोसे घेऊन आला. नाव साईराज, राहायला सिल्व्हर पार्कला, दिवसा विम्याच्या ऑफिसात आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर सिनेमांची परीक्षणं करणारा. मी त्याला उजवं कोपर दाखवलं. होडीचा अंदाज पहिल्या टेकला चुकला होता आणि जेट्टीच्या खांबाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी मला चांगलंच सोलून काढलं होतं. त्याने त्या व्रणांकडे इतका वेळ पाहिलं, की मीच कोपर मागे घेतलं.

"दुसऱ्या टेकला पुन्हा उडी मारली?"

"मग काय घरी गेले असते?"

मी समिधा. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, आता भाईंदरकर. शाळेत मल्लखांब करायचे, तिथून बबन मास्तरांच्या हाताखाली फायटिंगमध्ये शिरले. सिनेमाच्या भाषेत मी 'डुप्लिकेट'. नायिका पडणार, बुडणार, काच फोडणार असली की तिचे कपडे घालून मी उभी राहते. या कामाचा पहिला धडा उडीचा नसतो, चेहरा चुकवण्याचा असतो. कॅमेरा जिकडे, त्याच्या उलट मान. ती सवय इतकी भिनलीय, की घरच्या वाढदिवसाच्या फोटोंतही माझी फक्त वेणी दिसते. आई म्हणते, स्थळाला पाठवायला एक फोटो धड नाही!

"आणि टायटलला नाव?" साईराजने विचारलं.

"नाही येत. हिरोइन मॅडमनी मुलाखतीत सांगितलंय, सगळे स्टंट मीच केले. त्यामुळे मी हे तुम्हाला सांगितलेलंच नाही. काय?"

"काय सांगितलेलं नाही?" त्याने निरागस चेहरा करून विचारलं. वाईट गोष्ट म्हणजे, मला तो चेहरा आवडला.

पुढचे काही दिवस जेसल पार्कच्या खाडीकाठी बरे गेले. तो ऑफिसातून सुटून यायचा, मी तालमीतून. वारा माझी ओढणी त्याच्या चष्म्यावर टाकायचा, आणि तो ती अगदी हळू, नको तितकी हळू, बाजूला करायचा. बोलायचो मात्र सिनेमावर. 'खाडीचा वाघ'वर सगळ्या गावाचं मत होतं. आमच्या शेजारच्या मिनलचं म्हणणं, फायटिंग एक नंबर, भाषणं कापा. बेव्हर्ली पार्कातल्या माझ्या मावशीच्या ग्रुपवर फर्मान निघालेलं, मुलांना आवर्जून दाखवा. पेपरवाल्यांनी अडीच स्टार देऊन हात झटकले होते.

"हिरो एका हाताने गुंडाला बुकलतो आणि त्याच दमात त्याला कांदळवनाचे फायदे सांगतो," साईराज म्हणाला. "अरे, तो गुंड बेशुद्ध आहे! ऐकणार कोण?"

"गुंडाला नाही सांगत, आपल्याला सांगतो. कांदळवनातली ती तिवरं तुटली तर हे पाणी उद्या तुझ्या सिल्व्हर पार्कात येईल. कोणीतरी ओरडून सांगायला नको?"

"सांगायला हवं. पण मला ते भाषणातून नाही कळलं." तो थांबला. "तू त्या उडीत... मागे ती सगळी हिरवी तिवरं, खाली पाणी, आणि तू. तेव्हा वाटलं, हे वाचवायला पाहिजे."

मी मान वळवली. कॅमेरा नव्हता, तरी वळवली.

"पुढचा पिक्चर मिळतोय मला," मी भलतंच बोलले. "ह्याच लोकांचा. बबन मास्तर म्हणालेत, सगळ्या फाइट्स तुझ्या. असं काम दहा-दहा वर्षं मिळत नाही कुणाला."

"मग पार्टी?"

"आधी काम. अजून फक्त शब्द आहे."

आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं परीक्षण आलं. ॲक्शनला चार, उपदेशाला दीड, इथवर ठीक होतं. पण शेवटी हा पठ्ठ्या कॅमेऱ्यात बघून म्हणतो, "जेट्टीवरची उडी मी कम्प्युटरची समजलो होतो. चूक माझी. ती खरी आहे, आणि ती मॅडमनी मारलेली नाही. कुणी मारली ते मला माहीत आहे, पण नाव सांगणार नाही."

दुपारपर्यंत तो तुकडा सगळीकडे फिरला. मॅडमचे चाहते त्याला शिव्या घालू लागले, बाकीचे मॅडमना. मी त्याला फोन लावला तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

"समिधा, नाव कुठे घेतलं गं मी!"

"त्या सिनेमात उडी मारणाऱ्या पोरी किती होत्या? एक! नाव घ्यायची गरज काय?"

"डिलीट करतो. आत्ता करतो."

केलंही. आणि लोक म्हणाले, डिलीट केलं म्हणजे खरंच असणार.

संध्याकाळी बबन मास्तरांचा फोन आला. ते रागावले की हिंदीत शिरतात.

"बेटा, तू कुछ बोली क्या?"

"बोलले, मास्तर." त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही.

पलीकडून लांब उसासा ऐकू आला. "सुन. रविवारी उत्तनला झाडं लावायचा प्रोग्राम आहे, पिक्चरच्या पब्लिसिटीचा. प्रेस येणार, मॅडम येणार. तू माइकवर दोन वाक्यं बोलायची. उडी मॅडमनी मारली, मी फक्त रिहर्सल केली. बात खतम. नाही तर पुढच्या पिक्चरला प्रॉडक्शनचा मॅनेजर तुला गेटच्या आत घेणार नाही. समझी?"

समजले होते. त्या रात्री साईराजचे किती मेसेज आले ते मी पाहिलंच नाही. शनिवारी एकच उत्तर पाठवलं, "उद्या उत्तनला ये. तोंड बंद ठेवणार असशील तरच."

रविवारी उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि त्या वासात सेंटचे फवारे मारलेली प्रेसची मंडळी नाकाला रुमाल लावून उभी होती. कांदळवन वाचवायला आलेल्या पाहुण्यांसाठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गुच्छ होते. गावातल्या बायका कमरेवर हात ठेवून हा तमाशा बघत होत्या. गर्दीच्या कडेला साईराज दिसला. त्याने नुसती मान हलवली, पुढे आला नाही.

मॅडमनी चिखलात एक रोप लावलं, हात धुतले, आणि मॅनेजरने माइक माझ्या हातात दिला. "ही आमची रिहर्सलची मुलगी. तीच सांगेल काय ते."

समोर कॅमेरेच कॅमेरे होते. माझी मान आपोआप वळायला लागली. वळताना मला जेट्टी दिसली. तेच टोक, तेच खांब, तीच कालवं. कोपर ठणकल्यासारखं वाटलं. दोन वाक्यं बोलले असते तर पिक्चर माझा होता. पण मग ती उडी माझी राहिली नसती, आणि पुढची प्रत्येक उडी मी कुणासाठी मारतेय हेच मला कळलं नसतं. मी मान सरळ केली.

"माझं नाव समिधा," मी म्हटलं. "त्या जेट्टीवरून उडी मी मारली. दोनदा. मॅडमनी अभिनय केला, तो त्यांचा. उडी माझी."

किनाऱ्यावर एकदम शांतता पसरली. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. बबन मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आणि गर्दीतून एक खणखणीत आवाज आला.

"मंग? त्यात नवीन ता काय सांगतंय?"

फिलोमिनामावशी. शूटिंगच्या दिवशी माझ्या सोललेल्या कोपराला त्यांनीच हळद लावली होती. त्या टोपली खाली ठेवून पुढे आल्या.

"आख्खा गाव बघत व्हता जेट्टीवर! ही पोर पयल्या टायमाला खांबावर आपटली, रगत आलं, तरी परत गेली. आमाला म्हायत हाय सगलं. तुमी कोनापासून लपवताय?"

आधी बायका हसल्या, मग प्रेसवाले, मग सगळेच. खरंच की! दिवसाढवळ्या शेकडो माणसांसमोर मारलेली उडी गुपित ठेवायला निघालेले आम्ही सिनेमावाले. मॅडम लालबुंद झाल्या होत्या, पण बाई धीराची. त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला. "सॉरी. मला पोहता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि मला शेजारी ओढून उभं केलं. फोटो निघाले. त्यातल्या निम्म्यांत माझी मान वळलेलीच आहे.

मॅनेजर मात्र हसला नाही. गाडीत बसताना त्याने मास्तरांना तिथल्या तिथे सांगितलं, पुढच्या पिक्चरला दुसरी मुलगी बघा. मास्तर माझ्यापाशी आले, काहीतरी बोलणार होते, पण "पागल लडकी" एवढंच म्हणून निघून गेले.

साईराज जेट्टीवर उभा होता. मी त्याच्यापासून हातभर लांब जाऊन थांबले.

"शूट केलंस?"

"नाही."

"का? एवढा मोठा मसाला. लाखो लोकांनी पाहिलं असतं."

"हात मोकळे हवे होते," तो म्हणाला. "टाळ्या वाजवायला."

आणि तेव्हा आठवलं, त्या शांततेत, फिलोमिनामावशीच्याही आधी, कुठूनतरी एकट्या टाळीचा आवाज आला होता खरा. मला वाटलं होतं, भासच.

"पिक्चर गेला माझा," मी म्हटलं. डोळे भरून आले, ते मी भरू दिले.

"माझ्यामुळे."

"सुरुवात तुझ्यामुळे. शेवट मी केला, त्याचं श्रेय नको घेऊस. आणि अजून माफ केलेलं नाही तुला."

"थांबतो मी. घाई नाही."

मास्तरांचा फोन आठवड्याने आला. हे काम गेलंच, बेटा, त्यात काही होणार नाही. पण दुसऱ्या एका ठिकाणी शब्द टाकलाय. छोटी फाइट आहे, एकच दिवस. "टायटलला नाव टाकणार का, ते आधी विचारलंय मी," ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. ती म्हणाली, पोळी करपेल.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी 'खाडीचा वाघ' मिरा रोडच्या थिएटरातून उतरणार होता. मी साईराजला मेसेज केला, "शेवटचा खेळ. त्याच खुर्च्या. समोसे तुझ्याकडे."

थिएटरात मोजकीच माणसं होती. हिरोने बेशुद्ध गुंडाला कांदळवनाचे फायदे सांगितले तेव्हा मागे कुणीतरी जांभई दिली, पण पुढे बसलेली एक छोटी मुलगी बाबाला विचारत होती, आपल्या खाडीतली तिवरं आहेत ना अजून? साईराजने ते ऐकलं.

"उपदेशाचे मार्क वाढवावे लागणार," तो कुजबुजला.

"किती?"

"अर्धा. जास्त मागू नको."

मग ती जेट्टी आली. नायिका धावत सुटली, आणि माझा श्वास दर वेळेसारखा अडकला. पाठ, वेणी, पसरलेले हात... मी शेजारी पाहिलं. साईराजचा चष्मा पडद्याकडे नव्हताच. तो माझ्याकडे बघत होता.

"उडी तिकडे आहे," मी म्हटलं.

"पाहिलीय. तिकडे फक्त पाठ दिसते."

माझी मान वळायला निघाली. सवयच ती. अर्ध्यावर मीच तिला थांबवलं, सरळ केलं, आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. भीती वाटत होती, जेट्टीवर वाटली नव्हती तितकी.

"तू मला आवडतोस," मी म्हटलं. "खूप. आणि हे तू कुणालाही नावानिशी सांगू शकतोस."

त्याने नुसता माझा हात घेतला, कोपरापर्यंत त्या व्रणांवरून बोटं फिरवली आणि तिथेच धरून ठेवला.

"श्शूऽऽ," पुढची छोटी मुलगी मागे वळून म्हणाली. या वेळी आम्ही खाली वाकलो नाही.