लाल कयाक पालथीच बांधायची

गाडीच्या टपावर कयाक चढवणं हे काही भुताखेतांचं काम नाही. एकट्यानं बसायची अरुंद होडी ती, वरच्या अंगाला बसण्यापुरतं तोंड. दोघांनी दोन टोकं धरायची, टपावरच्या कॅरियरवर ठेवायची, वरून पट्टे टाकायचे आणि आवळायचे. झालं. तू हसतेयस, हस बापडी. दिवा मात्र राहू दे.

त्या दुपारी ताईच्या दारात आम्ही हेच करत होतो. भावोजींच्या दोन कयाक होत्या. पिवळी त्यांची आणि लाल पहिलीची. पहिली म्हणजे त्यांची पहिली बायको. ती तलावात बुडून गेली होती आणि त्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे, नुसतं ‘पहिली’ म्हणायचे. आम्ही मुक्कामाला तलावावर निघालो होतो आणि सकाळी भावोजी ताईला त्याच लाल कयाकमध्ये बसवून पाण्यात नेणार होते. ताईला पोहता येत नाही. फोनवर ती मला एवढंच म्हणाली होती, “तूही ये गं. मी परत येईन असं वाटत नाही मला.”

मी आहे त्या कपड्यांत आले. तिच्या मनगटांवरचे काळेनिळे वळ बघितले आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर. तर म्हणाली, “तो शोधून काढेल.” मग मी ठरवलं, या माणसाला क्षणभरही नजरेआड करायचं नाही.

भावोजी मात्र खुशीत होते. “मेव्हणीबाई, पट्ट्याला एक पीळ द्यायचा हं. सपाट राहिला की वाऱ्यावर गुणगुणतो. पहिलीची शिकवण आहे ही.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आणि लाल पालथी बांधायची. तोंड खाली. चुकूनसुद्धा वर नाही.”

“का?”

“पाऊस भरतो.”

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

तेवढ्यात आत काहीतरी पडलं. ताईच्या हातून वल्हं निसटलं असणार. भावोजी आत गेले आणि कानाखाली काढलेला आवाज मला अंगणात ऐकू आला. मग दुसरा. ताई रडलीसुद्धा नाही. माझं डोकं सणकलं. लाल कयाक हलकी होती, लहानखुऱ्या बाईच्या मापाची. मी ती एकटीनंच खांद्यावर घेतली आणि टपावर आधीच चढवलेल्या पिवळीच्या पलीकडे ढकलली, तोंड वर करून. पट्टेही मुद्दाम सपाट टाकले. भरू दे म्हटलं पाऊस. भावोजी बाहेर आले ते धुमसतच. पिवळीच्या आड लाल दिसत नव्हती आणि त्यांनी वाकून बघितलंही नाही.

मी त्यांच्या शेजारी बसले. ताई मागे, वल्ही पायाशी घेऊन. तिच्या गालावर बोटं उमटली होती.

गाव मागे पडलं, झाडी दाट झाली आणि रस्त्यावर धुकं उतरलं. गाडीनं वेग घेतला तसा टपावरून आवाज सुरू झाला. ऊंऽऽऽ… एकसुरी, बारीक.

“पीळ दिला नाहीस ना?” त्यांनी दात आवळले.

“थांबवा, देते.”

“गप बस.”

थोड्या वेळानं आवाज थांबला. हळूहळू नाही, एकदम. गाडीचा वेग तेवढाच होता.

मग समोरच्या काचेवर पाण्याची एक धार आली. पाठोपाठ दुसरी. हिरवट पाणी, शेवाळाचा वास मारणारं. भावोजींनी वायपर लावला.

“लाल… पालथीच आहे ना?”

उत्तर वरूनच आलं. टपावर धप्पकन कुणीतरी बसलं आणि गाडी खाली दबली. माझ्या डोक्यावरचा पत्रा आत वाकला.

“पहिलीच्या बोटांचं सांगा ना हिला,” मागून ताई हळूच म्हणाली.

“तोंड बंद कर!”

“सगळी मोडली होती म्हणे… दगडावर आपटून. तलावाच्या मध्यावर दगड कुठून आला हो?”

तेव्हाच काचेच्या वरच्या कडेवर ती बोटं आली. पांढरीफटक, भिजलेली, प्रत्येक बोट वेगळ्याच दिशेला वाकलेलं. ती चाचपडत पुढे सरकली आणि त्यांनी वायपर धरला.

भावोजींनी करकचून ब्रेक दाबला, ताईच्या पायाशी असलेलं वल्हं ओढलं आणि बाहेर उडी मारली. दोन्ही हातांनी वल्हं उगारून ते त्या बोटांवर हाणत सुटले. हाडं कडाकडा मोडत होती. “सोड! सोड म्हणतो ना! बुड एकदाची!” हे शब्द त्यांच्या तोंडात आधीपासून बसलेले होते. ते ऐकलं आणि मला सगळं कळलं.

पुढचा फटका खाली आलाच नाही. वल्हं वरून कुणीतरी धरलं होतं. भावोजींनी ते सोडलं नाही, की त्यांना सोडता आलं नाही, कोण जाणे. त्यांचे पाय जमिनीवरून उचलले गेले. माझ्या डोळ्यांसमोर बूट काचेवर लाथा झाडत होते, काच तडकली, आणि मग बूट वर गेले. टपावर ओली गोधडी पिळल्यासारखा आवाज झाला. त्यांची किंकाळी आधी मोठी होती, मग कोंदट झाली, जसं डब्यात तोंड घालून ओरडावं. काचेवरून रक्त आलं. वायपर ते इकडून तिकडे पसरवत राहिला. मी ओरडत होते. ताई स्वस्थ बसली होती.

पोलिसांना ते सापडले लाल कयाकमध्ये. होडीच्या तोंडातून डोक्याकडून आत, कमरेत दुमडून कोंबलेले. जिथे त्यांची मांडीसुद्धा मावली नसती, तिथे अख्खे मावले होते. काढायला करवत आणून कयाक कापावी लागली. अधिकाऱ्यानं मला शंभर प्रश्न विचारले. मी खरं ते सांगितलं, त्याचा विश्वास बसला नाही. पण एवढा धिप्पाड माणूस दोघी बायकांनी कसा कोंबला, हे त्यालाही सांगता येईना. जाता जाता तो म्हणाला, “पट्टे मात्र छान बांधलेत, एकेक पीळ देऊन.”

ताईला मी माझ्या घरी परत आणलं. सगळ्यांना मी असंच सांगते.

परवा पिवळी कयाक विकायला काढली. टपावर ठेवली आणि पट्टा मी हातात घेणार, तोच ताईनं घेतला. जन्मात पट्टा न बांधलेली बाई. तिनं सराईतपणे त्याला एक पीळ दिला आणि आवळला. तेव्हा मी तिच्या बोटांकडे नीट बघितलं. लहानपणी याच बोटांनी ती माझी वेणी घालायची. सरळ, लांबसडक होती ती.

“ताई, बोटांना काय झालं गं?”

“जुनं दुखणं आहे,” ती म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

मी गाडी काढली. वेग वाढला तरी पट्टा गप्प होता. ऊंऽऽऽ असा तो बारीक, एकसुरी आवाज मागच्या सीटवरून येत होता.